डाग नसलेली वांगी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी भाऊवर रागावलेलीच होते. हे असं लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. जळगावला माझ्या अंगणात सकाळचं पाणी घालत होते आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. आमचं शेवटचं भांडण झाल्यापासून दर दोन-चार दिवसांनी मला एखादा नवा मुद्दा सुचायचा आणि पुढच्या भेटीत तो कसा मांडायचा याची मी तयारी करायचे. त्या दिवशीही असाच एक बिनतोड मुद्दा सुचला होता... वहिनी एवढंच म्हणाल्या, "बेबीताई, लगेच निघा. हे गेले." चहा पिता पिता छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. ते कारण मी निमूट मान्य केलं, त्यात दुसरं काही शोधायचं नाही मला. पण धुळ्याच्या बसमध्ये बसले तेव्हा रडू येण्याआधी रागच आला. एरंडोल गेलं, पारोळं गेलं, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की आता मी हे कुणाशी भांडू?

घरी पोचले तर ओट्यावर माणसं बसलेली. त्यातले एक शेजारी मला जवळ बोलावून म्हणाले, "झाडांवर फार जीव होता हो भाऊंचा." मी मान हलवली. खोटं नव्हतं ते. जीव होताच. अडचणही तीच होती.

भाऊ माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून त्याचा जन्म गेला. इंजिन उघडायचं, प्रत्येक भाग रॉकेलनं धुऊन फडक्यावर ओळीनं मांडायचा आणि एकही डाग राहिला नाही याची खात्री झाल्यावरच परत बसवायचा, अशी त्याची रीत. घरातही तेच. पंखा, शिलाई मशीन, शेजाऱ्याचा स्टोव्ह, काहीही बिघडलं की भाऊकडे यायचं आणि नव्यासारखं होऊन परत जायचं. निवृत्त झाल्यावर त्यानं धुळ्यात देवपुरातल्या घरामागच्या मोकळ्या जागेत ट्रॅक्टरभर काळी माती टाकून घेतली आणि बाग केली. मोगरा, लिंबू, कढीपत्ता, कडेला आधीचाच एक कडुनिंब, आणि मधल्या वाफ्यांत भरताची हिरवी वांगी. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांचा जाळ करून त्यावर तो स्वतः वांगी भाजायचा आणि वर्कशॉपचे जुने सोबती, शेजारी, नातलग, सगळ्यांना बोलावून भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊ घालायचा. पहिल्या वर्षी त्या मातीत बोट घातलं तर सहज आत जायचं. मी एरंडोलच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे असल्या गोष्टी मला पाहिल्याशिवाय राहवत नाहीत. ढेकूळ फोडलं की आत मुळं, गांडुळांची भोकं, उड्या मारणारे पांढरे बारीक किडे, पळणारे भुंगेरे... भरल्या घरासारखी माती होती ती.

बिघडलं ते एका वांग्यामुळे. प्रशांतचं, म्हणजे भाऊच्या मुलाचं, लग्न झाल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याचे सासरे नाशिकहून भरताला आले होते. भाऊनं भाजलेलं वांगं त्यांच्यासमोरच सोललं, आणि आत एक अळी निघाली. भाजून मेलेली. व्याही हसले, "अहो, तुमचं भरीत मांसाहारी दिसतंय." सगळे हसले. भाऊसुद्धा हसला, पण मी त्याचा चेहरा पाहत होते. जन्मभरात कुणी त्याच्या कामात खोट काढली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो बाजारातल्या कृषी केंद्रात गेला आणि पाठीवरचा पंप आणि दोन बाटल्या घेऊन आला.

पुढचं सगळं मला पाठ आहे, कारण प्रत्येक टप्प्यावर मी ओरडत होते. आधी अळीसाठी फवारा. मग पांढरी माशी आली, कारण तिला खाणारे ढालकिडे त्याच फवाऱ्यानं मेले होते. मग माशीसाठी दुसरं औषध. मग लाल कोळी, मग त्याच्यासाठी तिसरं. दुकानदार दरवेळी म्हणायचा, आता जरा जोरदार देतो. एकदा कुंपणाच्या लाकडाला वाळवी दिसली, तर भाऊनं वाळवीचं औषध पाण्यात कालवून वाफ्यांत बादल्याच्या बादल्या ओतलं. ते कळलं तेव्हा मी फोनवरच किंचाळले. तो शांतपणे आपल्या अहिराणीत म्हणाला, "बेबी, किडा मारानं औषध शे. माटी मारानं नही."

हेच वाक्य मी कधी खोडून काढू शकले नाही. मुद्दे कमी पडले म्हणून नव्हे, मुद्दे तर पोतंभर होते. औषधाला काय कळतं, ही अळी मारायची आणि ते गांडूळ सोडायचं? माती म्हणजे नुसती धूळ नाही, तिच्यात राहणाऱ्यांनी ती धरून ठेवलेली असते, पाला कुजवणारे, भोकं पाडणारे, कणाला कण चिकटवणारे तेच असतात. मुलांना मी हे किती वर्षं शिकवलं, आणि त्यांना ते कळायचंसुद्धा. पण माझ्या सख्ख्या भावाला माती ही वस्तू वाटायची. "तिले काय व्हस? जमीन शे ती," असं तो इतक्या खात्रीनं म्हणायचा की माझंच डोकं दुखायला लागायचं.

एकदा मी माझ्या अंगणातलं एक वाळलेलं ढेकूळ पिशवीत घालून धुळ्याला नेलं. दोन काचेचे पेले पाण्यानं भरले. एकात माझं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात त्याच्या वाफ्यातलं. माती दोन्हीकडची काळीच, पण त्याचं ढेकूळ बघता बघता विरघळलं आणि पेल्यात चिखल झाला. माझं तसंच अख्खं राहिलं. वहिनी कौतुकानं बघत होत्या. मी भाऊकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. तो दोन्ही पेले उजेडात धरून बघत म्हणाला, "तुनी माटी ढीट शे, बेबी. मनी गरीब शे, पाणी दखं का बसी जास." वहिनींना हसू आवरेना. मलाही आवरलं नाही, आणि मग हसल्याचाच राग आला. या माणसाशी भांडायचं तरी कसं?

तोवर वाफ्यांत पाणी सोडलं की ते वरच तळ्यासारखं उभं राहायला लागलं होतं. कडुनिंबाचा पाला पडायचा आणि वर्ष उलटलं तरी तसाच कोरडा कुरकुरीत राहायचा. खाणारं कुणी उरलंच नव्हतं. भाऊला तेही चांगलंच वाटायचं, घाण होत नाही म्हणून.

शेवटी मी एका पावसाळ्यात एरंडोलजवळच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून शेणखतासकट टोपलीभर गांडुळं घेऊन धुळ्याला गेले. भाऊनं विरोध केला नाही. स्वतः कुदळीनं वाफा उकरून दिला. संध्याकाळी आम्ही ती सोडली, वर ओला पाला टाकला. सकाळी उठून पाहते तर भाऊ माझ्याआधीच तिथं उभा. गांडुळं वर आली होती. काही वळवळत होती, बरीच निपचित पडली होती. रात्रभर त्या मातीतून बाहेर पडायचीच धडपड केली असावी त्यांनी. बोलायचं होतं ते समोर पडलेलंच होतं. भाऊ खाली बसला, जिवंत होती ती एकेक उचलून टोपलीतल्या खतात परत ठेवू लागला. बोटं वंगण पुसायच्या फडक्याला पुसावीत तशी धोतराच्या सोग्याला पुसत होता. चहाला बोलावलं तरी उठला नाही. मग दुपारी जेवताना मान वर न करता म्हणाला, "अर्धा वाफा तुना."

ठरलं ते असं. कडुनिंबाकडच्या त्या अर्ध्या वाफ्यात फवारायचं नाही, ओतायचं नाही, पाला पडेल तसा राहू द्यायचा. उरलेली बाग त्याची. पहिल्या वर्षी माझ्या वाफ्यातली निम्मीअधिक वांगी किडली आणि त्यानं ती मला फोटो काढून काढून पाठवली. किडलेला शेंडा अळीसकट खुडून टाकायचा, हे मी त्याला सांगितलं आणि कुरकुरत का होईना तो ते करायला लागला. दुसऱ्या पावसाळ्यात एक दिवस त्याचा फोन आला. एरवी तो आधी तब्येत विचारायचा. त्या दिवशी एकदम म्हणाला, "बेबी, गांडूय दिखनात. तुना वाफामा." पलीकडे पावसाचा आवाज येत होता. मला वाटलं, जमलं. इतक्या वर्षांनी जमलं एकदाचं. पाणी मुरायला लागलं होतं, पाल्याखालची माती मऊ झाली होती, तिथं तो बोटं घालून बघायचा, असं वहिनींनी नंतर सांगितलं.

आणि त्याच हिवाळ्यात व्याही पुन्हा भरताला यायचं ठरलं.

मी आदल्या दिवशी पोचले. पिशवी ठेवून आधी मागे गेले. माझ्या वाफ्यातल्या पानांवर फवाऱ्याचे पांढरट थेंब वाळलेले होते. खोडाशी माती भिजलेली, म्हणजे वरून ओतलंही होतं. मी आत येऊन विचारलं, "भाऊ, हे काय केलंस?" तो जाळासाठी काड्यांच्या जुड्या बांधत होता. म्हणाला, "पाव्हणा येणार शेतस. एक फवारा मारा तं काय व्हस?" मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. दोन वर्षं त्या मातीनं थोडं थोडं करून जे जमवलं होतं, ते यानं एका माणसाच्या जुन्या विनोदापायी घालवलं, हे मला सहनच होत नव्हतं. मी जेवायला थांबले नाही. वहिनी मागे लागल्या तरी पिशवी उचलली आणि रिक्षानं स्टँडवर आले.

बस लागायची होती. बाकावर बसले होते तर समोर भाऊची स्कूटर. त्यानं माझ्या मांडीवर डबा ठेवला. अजून गरम होता. मी म्हटलं, "तुझं औषधाचं भरीत मला नको." तो म्हणाला, "हाई तुना वाफानं शे. फवारा मारापहिले तोडी ठेयेल." फवारायच्या आधीच त्यानं माझी किडकी वांगी वेगळी काढून ठेवली होती. किडका भाग कापून टाकून, उरलेलं भाजून, वेगळं भरीत केलं होतं माझ्यासाठी. पाहुण्यांना बिनडागाचं आणि बहिणीला बिनविषाचं. म्हणजे त्याला सगळं कळलं होतं! इतकी वर्षं मी समजत होते की याला कळत नाही. कळत होतं, आणि तरी त्यानं फवारलं. बस आली. मी डबा घेतला, पण त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. पारोळ्याच्या पुढे डबा उघडला आणि सगळं खाल्लं. चांगलं झालं होतं भरीत, नेहमीसारखंच.

तीच शेवटची भेट.

दिवस झाल्यावर प्रशांत म्हणाला, मागच्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवू, गाडी लावता येईल. मी विरोध केला तर म्हणाला, "आत्या, तूच म्हणायचीस ना, ही माती मेली म्हणून?" माझंच वाक्य माझ्या तोंडावर. मी त्याला सांगत बसले की अरे, मेली म्हणजे कायमची नव्हे, तिला पाला दे, ओल दे आणि दुसरं काही देऊ नको, येतील हळूहळू सगळे परत. पण मला माझाच आवाज ऐकू येत होता. भाऊशी बोलतानाचा आवाज, ज्याचा कधी उपयोग झाला नव्हता. वहिनींनीच मध्ये पडून म्हटलं, "वर्षभर काही करू नका. राहू द्या तसंच." प्रशांतनं ते मानलं. वर्षानंतरचं कुणी बोललं नाही.

मग जिन्याखालची त्याची अवजारांची खोली आवरायला घेतली. पाने, पकडी, हातोड्या नेमक्या जागी. आणि वरच्या फळीवर बाटल्या. काही अर्ध्या, काही तळाशी थोडं उरलेल्या. प्रशांत म्हणाला, नाल्यात ओतून टाकू. मी म्हटलं, नाला पांझरा नदीलाच मिळतो. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, उघडलेला माल परत घेत नाही. घंटागाडीवाला म्हणाला, सुक्या कचऱ्यात टाका. एका सरकारी कार्यालयात विचारलं तर त्यांनी मलाच विचारलं, तुमच्या नावावर शेती आहे का? जमिनीत पुरायच्या नाहीत, जाळायच्या नाहीत, पाण्यात सोडायच्या नाहीत. चार माणसांच्या घरात असली कसली वस्तू येऊन बसते, जिला बाहेर जायला जागाच नाही!

मी स्टुलावर चढून एक बाटली खाली घेतली. झाकणावर वर्कशॉपच्या जुन्या खाकी गणवेशाचं कापड घट्ट गुंडाळलेलं, त्यावरून तांब्याच्या तारेचे वेढे, आणि टोकं पकडीनं पिळून आत दाबलेली, कुणाच्या बोटाला लागू नयेत म्हणून. सगळ्या बाटल्या तशाच. नातू रांगायला लागला तेव्हा बांधल्या, असं वहिनी म्हणाल्या. घरात मांजर यायची, तिचाही त्याला घोर असायचा. दिसणाऱ्या प्रत्येक जिवाला जपणारा माणूस होता तो... मी बाटली होती तिथं परत ठेवली, खोलीला कडी घातली आणि बाहेर येऊन वहिनींजवळ बसले. अडलेल्या वस्तूचं काय करायचं, हे धुळ्यात विचारावं असा मला एकच माणूस ठाऊक होता.