आधी श्वास, मग अक्षर

निरोप आला तेव्हा मी अकोल्याच्या बाजारात एका गाडीवर, गुडघाभर कापसात उभा होतो. वलगावचा महादू गाडीवान अमरावतीहून आला होता. खालूनच ओरडला, "तुमच्या घरून सांगतलं जी, लाबाईचं काई खरं नाई. लवकर बोलावलं." मी "बरं" म्हटलं, आणि हातातला पुंजका ओढून धागा पाहत राहिलो. लिहायला लाज वाटते, पण झालं ते असंच. लाबाईचा खोकला काही आजचा नव्हता. दर हिवाळ्यात तिचं काही खरं नसे, आणि आठव्या दिवशी बाई पुन्हा चरखीवर बसलेली असे. आणि मी कापसाचा दलाल, दुसऱ्या दिवशी बाळापूरकडच्या गाड्या यायच्या होत्या. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून इकडे आमचं डोकं ठिकाणावर नाही. ज्याच्या घरात रुई त्याच्या घरात दिवाळी, असे दिवस. मी ठरवलं, एक दिवस थांबू, मग निघू. त्या एका दिवसासाठी हे सगळं लिहून काढतो आहे.

लाबाई कोण, हे वाचकांना सांगायला हवं. आमच्या अमरावतीत निम्मे लोक तिला चिनीण म्हणत. ती चीनची नव्हे, ब्रह्मदेशातली, मौलमीन नावाच्या बंदराजवळची. मोर्शीचा हुसेनभाई गवंडी एका पलटणीबरोबर बांधकामाला तिकडे गेला, आणि दहा वर्षांनी परत आला तो हिला घेऊन. कापसाला भाव आल्यावर अमरावतीत वखारी उठू लागल्या होत्या, गवंड्याला हाताला उसंत नव्हती, म्हणून भावानं त्याला बोलावून घेतलं. पहिल्या दिवशी ही बाई कमरेला रेशमी लुंगी आणि केसांत फूल अशी गाडीतून उतरली, तेव्हा आमच्या आळीतल्या बायका पाणी भरायचं विसरून बघत राहिल्या. पुढच्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि हुसेनभाई तीन दिवसांत गेला. मूलबाळ नव्हतं. दिराकडे मोर्शीला जाऊन राहा म्हटलं तर गेली नाही. माझ्या वखारीमागच्या खोलीत राहिली, लुगडं नेसायला शिकली, आणि इतर बायकांबरोबर चरखीवर सरकी काढायला बसू लागली. तिचं खरं नाव मा ह्ला. आम्ही 'ला' म्हटलं, पुढे 'बाई' जोडलं, मोकळे झालो.

चरखी फिरवताना ती एकटीच काहीतरी पुटपुटत असे. मला वाटायचं, नमाजातलं काही असेल. एकदा विचारलं, तर म्हणाली, "नाही भाऊ, आपलीच बोली बोलते. इथं कोणाशी बोलू? तोंड बंद राहिलं तर जीभ विसरून जाईल." तिची मराठी अशी होती, निम्मी हुसेनभाईच्या हिंदीतली, निम्मी आमच्या बायकांकडून उचललेली. मी आपला फुशारकी मारणारा माणूस. म्हटलं, मी डोळे मिटून नुसत्या बोटांनी हिंगणघाटचा कापूस आणि अकोटचा कापूस वेगळा सांगतो, तुझी बोली काय एवढी अवघड आहे? बोल, मी म्हणून दाखवतो.

तिनं ढिगातून चिमूटभर रुई उचलली, विंचरून विंचरून इतकी हलकी केली की माशी बसली तर उडावी, आणि माझ्या हातात दिली. "ओठापुढे धर. क म्हण." मी क म्हटलं, रुई गप्प. "ख म्हण." रुई थरथरली. मी म्हटलं, हॅ, हे तर आमच्या पोरांना पाटीवर पहिल्याच दिवशी येतं! ती हसली. "हे तुझ्याकडे आहे. आता जे नाही ते ऐक." मग तिनं दोनदा 'सा' म्हटलं. मला दोन्ही एकच वाटले. तिच्या ओठांपुढची रुई मात्र पहिल्याला जेमतेम हलली, आणि दुसऱ्याला चांगली उडाली. पहिला सा म्हणजे जेवणं, दुसरा म्हणजे मीठ. आम्ही स म्हणतो तेव्हा त्याच्यामागून श्वास सोडत नाही, तिच्याकडे सोडतात. पंधरा दिवस मी मीठ मागत होतो आणि ती म्हणत होती, जेव, जेव.

पण खरी फजिती झाली ती म आणि न यांनी. 'ना' म्हणजे दुखणं, आणि 'ह्ना' म्हणजे नाक. आता आपल्याकडे न्हाणं आहे, न्हावी आहे, मग मला का येऊ नये? तर येईना. तिनं रुई नाकाखाली धरायला लावली. "तू न आधी म्हणतो, श्वास मागून सोडतो. आमचा श्वास आधी. नाकातून, गुपचूप. न मग येतो." आणि स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून दाखवलं. मीही माझ्या गळ्यावर ठेवली. न म्हटला की घसा आतून गुणगुणतो, बोटांना कळतं. तिच्या ह्नाला सुरुवातीला घसा मुका, नुसती नाकातून हवा, आणि मग कुठं गुणगुण सुरू. मी कितीदा म्हटलं तरी घसा आधी बोलायचा आणि नाकाखालची रुई जागची हलायची नाही. त्यात आम्ही वऱ्हाडी! आम्ही तर मागचा श्वाससुद्धा खाऊन टाकणारे. 'आम्ही'चं आमी, 'तुम्ही'चं तुमी. पुण्याकडचा एक कारकून कचेरीत आला आहे, तो यावरून आम्हाला हसतो. त्याला एकदा लाबाईपुढे बसवायचं माझ्या मनात होतं, ते राहून गेलं.

आमच्या घरातल्या बाईला हा सगळा उद्योग मुळीच पसंत नव्हता. रुख्मा माझी बायको. वखारीत बायकांवर देखरेख तीच करी, लाबाईच्या शेजारची चरखीही तिचीच. "अवो, बाजार भरून राहिला अन् तुमी नाकापुढे रुई धरून काय बसले? लोक म्हणतीन, दलाल येडा झाला." मी म्हटलं, विद्या आहे ही. ती म्हणाली, "व्हय, लय मोठी विद्या! माणूस श्वास त घेतेच नं, त्याले शिकाले काय लागते?" लाबाई तोंडाला पदर लावून हसायची. हसता हसता खोकायची. रुईची बारीक धूळ सगळ्या चरखीवाल्यांच्या छातीत बसते, पण तिच्या छातीत जरा जास्तच बसली. तिसऱ्या पावसाळ्यात तर एक वाक्य पुरं बोलायला तिला दोनदा थांबावं लागे.

पोळ्याच्या सुमारास ती मला म्हणाली, "भाऊ, एक काम सांगू?" मला वाटलं, औषध आणायचं असेल. तर ती म्हणाली, त्यांच्याकडे माणूस जाऊ लागलं की घरचं कोणी कानापाशी बसतं, आणि त्यानं आयुष्यात केलेलं चांगलं एकेक करून आठवून देतं. हे तू केलंस, आठवतं का? ते तू केलंस, आठवतं का? मग जीव घाबरत नाही, शांत जातो. तिच्या आजीला तिच्या आईनं असं आठवून दिलं होतं. "मोहल्ल्यातल्या बायका कलमा म्हणतील, ते तर चांगलंच आहे. हुसेनचं घर आहे. पण हे एवढं... कोणी करणार नाही. बाकी सगळं तुझ्या बोलीत सांग. फक्त 'आठवतं का' तेवढं माझ्या बोलीत. आईच्या तोंडचं." तो शब्द 'ह्मामिला'. श्वास आधी नाकातून, मग म, आणि 'मा' गळ्यातच पटकन तोडायचा. मी म्हटलं, म्हणीन. वचन दिलं. तिनं विचारलं, "आणि जमलं नाही तर?" मी म्हटलं, न जमायला काय झालं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? आणि रोज सकाळी, वखार उघडायच्या आधी, मी नाकाखाली रुई धरून तो शब्द म्हणत असे. दहातून एकदा रुई हले. ती मान डोलवायची. एक गोष्ट मात्र मी कधी केली नाही. आठवून द्यायचं काय, ते तिला विचारलं नाही आणि स्वतःही शोधलं नाही. मला एकच माहीत होतं, की तिनं मला शिकवलं. वाटायचं, तेवढं पुरे.

अकोल्याहून मी एक दिवस उशिरा निघालो. दोन मुक्काम करून अमरावतीला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. वखारीच्या दारात बायका नव्हत्या, चरख्या उभ्या होत्या. लाबाई त्याच दिवशी सकाळी गेली होती. मोहल्ल्यातली मंडळी दुपारीच तिला हुसेनभाईच्या शेजारी ठेवून आली होती. आदल्या दिवशी निघतो तर आदल्या संध्याकाळी पोचतो... हा हिशेब करायला काही फार अक्कल लागत नाही. मी तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलो. म्हटलं, "तिला कोणीच काही बोललं नाही. माझं वचन होतं."

रुख्मा आतून म्हणाली, "बोललं."

मी वर पाहिलं. "कोण?"

"मी. अजून कोण?"

मला खरंच वाटेना. अहो, ही बाई जन्मात कधी 'आम्ही' म्हटलेली नाही! मी म्हटलं, तुला तो शब्द येतो? ती माझ्यासमोर बसली. दोन दिवसांत तिनं केस विंचरले नव्हते. म्हणाली, "तुमी शिकून राहिले होते, मी काय बहिरी होती? तीन वर्स शेजारच्या चरखीवर बसली मी. तुमचा आवाज मोठा, तिचा बारीक. मी तिचाच आयकला." मग तिनं सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. "तुमी येऊन राहिले, असं मी तिले रातभर सांगत होती. फटफटलं तवा समजलं, तुमी काई पोचत नाई. मंग मी बसली कानापाशी. आयकू येत होतं का नाई, देव जाणे. डोये उघडे होते. म्हनून मी रुई धरली माह्या नाकाखाली. म्हटलं, आयकू नाई आलं तरी दिसन तिले, का श्वास आधी आला."

"हलली?"

"हलली. दरवेळेस हलली."

आणि आठवून काय दिलंस, म्हणून विचारलं, तर ती बोटांवर मोजत सांगू लागली आणि मी ऐकत राहिलो. पटकीच्या साथीत, हुसेनभाईला माती देऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हा समोरच्या कोष्ट्याच्या घरात कोणी पाय ठेवत नव्हतं, तिथं लाबाईनं दोन दिवस त्यांची माणसं धुतली, पाणी पाजलं. रुख्माचा हात चरखीत सापडला तेव्हा लाबाईनं मौलमीनहून आणलेली ती रेशमी लुंगी फाडून पट्टी बांधली. मी विचारलं होतं तेव्हा रुख्मा मला म्हणाली होती, जुनेर होतं. आमची लेक बाळंतपणाला आली आणि अडली, तेव्हा मी चांदूरला कापूस पाहत होतो. त्या वेळी तिची कंबर धरून बसलेली बाई लाबाईच होती. अशा सात गोष्टी. मला त्यातली एकही ठाऊक नव्हती. मी तिचे श्वास मोजत बसलो होतो, आणि ती माझ्याच घराला हात देत होती. रुख्मा म्हणाली, "आखरीचं आठवून दिलं, अन् तिनं पापणी अशी मिटली. मंग तीच रुई मी तिच्या नाकाखाली धरली... नाई हलली."

मी रडलो. सांगायला कसली शरम? माझ्या हातून जे व्हायचं होतं ते झालं नाही, आणि जिला मी येडी समजत होतो तिनं ते पुरं केलं. स्वतःवरच्या रागात आणि त्या दुःखात मी रुख्माला म्हणालो, "माझ्या वेळेला तूच बस माझ्या कानापाशी." ती चूल पेटवत होती. मागं न पाहताच म्हणाली, "बसन नं, काहून नाई बसनार? पन सांगाले काई तरी करून ठेवा."

ती रुई तिनं टाकली नाही. दिव्याच्या कोनाड्यात ठेवली आहे. घरात वाती वळायला रुई कमी पडली तरी त्या पुंजक्याला कोणी हात लावायचा नाही, असा तिचा हुकूम आहे. आता दीड महिना होत आला. लाबाईच्या चरखीवर नवी बाई बसते, तिलाही खोकला आहे. परवा मी वखारीच्या मागच्या भिंतीत दोन मोठ्या खिडक्या पाडून घेतल्या. रुई उडते, नुकसान होतं, बाजारातले लोक हसतात. हसोत. रोज सकाळी वखार उघडायच्या आधी मी कोनाड्यातली रुई घेतो, वारा फसवू नये म्हणून दार लोटून घेतो, नाकाखाली धरतो आणि म्हणतो, ह्मामिला. बरेच दिवस हलली नाही. काल हलली. रुख्मा आतल्या दारात उभी होती. तिनं पाहिलं, माझ्या हातातून रुई घेतली आणि जागेवर ठेवली.