मातांनो नव्हे, आबांनो

पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरं गिरवली. वडील कुठल्या ना कुठल्या मोर्च्याचे गठ्ठे घरी आणायचे. त्यामुळे जगातल्या कुठल्याही दुखण्यावर पत्रक हेच औषध, अशी माझी खात्री.

धुळ्याच्या कॉलेजातून सुट्टीला शिरपूरजवळच्या आमच्या गावी आलो, तर अकरा महिन्यांची पुतणी चिमणीएवढी. अंगणवाडीच्या बाईंनी तिला झोळीत घालून काट्याला टांगलं, वजनाच्या कार्डावर ठिपका दिला. तीन महिन्यांचे तीन ठिपके, एकाच पातळीत.

"पुढचाही असाच आला तर धुळ्याला मोठ्या दवाखान्यात न्या," बाई म्हणाल्या. "पोटात काय जातं हिच्या?"

चहा जात होता. सकाळी, दुपारी, शिवाय पाहुणे आले की. त्यानं भूक मरायची, आणि तरतरी अशी यायची की घरादाराला वाटावं, काय हुशार पोर!

मी लगेच पत्रक काढलं. 'अज्ञानी मातांनो, जाग्या व्हा! चहा म्हणजे बाळाच्या भुकेवर दरोडा!' सगळं गाव ज्यांना आबा म्हणे, त्या वडिलांनी ते ओट्यावर खड्या आवाजात वाचलं. "बठ्ठं खरं शे! अक्षर न् अक्षर!" म्हणाले, आणि मांडीवरच्या नातीला बशीतून एक घोट पाजला.

वहिनी दारात पीठ चाळत होती.

"भाऊजी, पोरीले चहा मी पाजस का?"

"नाही."

"मंग मातांनो कसाले?"

बिचारी वरणभात कालवून बसायची, पोरगी तोंड फिरवायची. सासऱ्यांच्या हातातली बशी सुनेनं ओढायची कशी? मी मात्र दरोडेखोर सोडून तिलाच धरलं होतं.

'अज्ञानी मातांनो' खोडून वर 'आबांनो' लिहिलं आणि पहिली प्रत घरातच दिली.

"बापाविरुद्ध पत्रक?"

"तुम्हीच शिकवलंत."

आबांनी पत्रक घडी घालून खिशात टाकलं. पण त्या दिवसापासून ते चहा खळ्यात जाऊन पिऊ लागले. पोरगी त्यांच्या मिशा हुंगून भोकाड पसरायची. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं वहिनीच्या हातची वाटी चाटूनपुसून संपवली.

पुढच्या वजनाला तिला आबांनीच कडेवर नेलं. ठिपका चढला होता. नखाएवढाच, पण चढला होता. धुळ्याला जाणं टळलं.

"अजून जरा वर द्या ना, बाई," आबा कार्डावर वाकून म्हणाले.

"आबा, ठिपका वजनाचा असतो, उत्साहाचा नाही!"