दुसऱ्या भागात नसलेला म्हातारा

मुक्काम्या कधीही रानात खेळ बंद करत नसे. आई जेवायला हाका मारून थकलेली असो, की लाईट जायची वेळ झालेली असो, पडद्यावरच्या आपल्या माणसाला जवळच्या धर्मशाळेत नेऊन खाटेवर आडवा करायचा आणि मगच कॉम्प्युटर बंद करायचा. "परक्या रानात मानूस उभा ठिवून आपन भाकरी खायाची व्हय?" असं वर मलाच विचारायचा. त्यावरून मी त्याला मुक्काम्या म्हणायला लागलो आणि पुढे त्याच्या बारशाचं नाव बऱ्याच जणांच्या लक्षातही राहिलं नाही.

देवळाली प्रवराच्या बाहेर, उसाच्या मधोमध त्याची वस्ती. मी तेव्हा कॉलेजात होतो, तो शेती बघायचा. कुठूनसा जुना कॉम्प्युटर आणला होता आणि त्यावर तो खेळ, पहिला भाग. राज्य गेलेला एक राजपुत्र, पायी मुलूख पालथा घालतो, वाटेत सोबती जोडतो, एवढीच गोष्ट. चालवायचा मुक्काम्या. इंग्रजी संवाद वाचायचा त्याला भारी कंटाळा, म्हणून ते मी मराठीत करून मोठ्यानं म्हणायचो. पहिला सोबती भेटायचा तो एक भालेवाला म्हातारा, सदा कुरकुरणारा. त्याला मी आपल्या राहुरीच्या बाजारातला करून टाकला होता. "आरं पोरा, गुडघं गेलं माजं, जरा दमानं घे की." मुक्काम्या मांडीवर थाप मारून हसायचा आणि काही कारण नसताना म्हाताऱ्याला परत परत बोलायला लावायचा. दर वेळी नवीन काय बोलणार, माझं डोकं खायचा नुसता.

या मुक्कामाच्या नादात एकदा फटफजिती झाली. मोटार चालू करून, पाणी उसाला लावून तो खेळायला बसला. दारं मोडून पाणी पुढच्या सरीत वळवायची वेळ झाली तेव्हा राजपुत्र नेमका खिंडीत. सरी भरली, बांध फुटला आणि पाणी शेजारच्या तात्यांच्या काढायला आलेल्या कांद्यात शिरलं. तात्या गुडघाभर चिखलानं दारात उभे राहून शिव्या देत होते आणि हा बाबा म्हणतो कसा, "तात्या, एवढी खिंड उतरू द्या, आलोच." तात्यांनी बटणच बंद केलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मुक्काम्या न सांगता त्यांच्या रानात कांदा काढायला हजर. शेवटचा वाफा निघेपर्यंत उठला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "त्यो म्हातारा खिंडीतच ऱ्हायला रं काल."

मग मी नोकरीला पुण्यात आलो. खोली मिळाली, पगार सुरू झाला, रविवारी काय करायचं ते मात्र कळेना. त्याच सुमारास खेळाचा दुसरा भाग आला. दोघांनीही घेतला, मी इथे, तो तिथे. दर रविवारी दुपारी त्याचा फोन ठरलेला.

"चित्रं झ्याक हायेत. पान्यात ढगाची सावली दिसती. पन घोडा दिलाय रं त्यांनी. नकाशावर टिचकी मारली की पोचला. मग वाट कशाला काढलीय यवढी?"

मी मुद्दाम दुसऱ्या भागाची बाजू घ्यायचो. म्हणायचो, तुला बैलगाडीच पाहिजे. लढाया चांगल्या, मुलूख दसपट मोठा, कुठेही थांबावं, कुठेही सेव्ह करावं. तो म्हणायचा, "तेच तर. धरमशाळा सगळ्या रिकाम्या पडल्यात. मी एकटाच जाऊन झोपतो." शेवटी हमखास विचारायचा, "बरं, आपला म्हातारा कुटं भेटंना. तुला घावला का?"

म्हातारा दुसऱ्या भागात नव्हताच. मी तो भाग केव्हाच संपवला होता. एका थडग्यावरसुद्धा त्याचं नाव नव्हतं. पण मी म्हणायचो, उत्तरेच्या बंदरावर बघ. पुढच्या रविवारी म्हणायचो, मिठागरांकडे बघ. तो इमानेइतबारे घोडा सोडून पायी जायचा, बघून यायचा आणि फोन करायचा. तेवढ्या वेळात माझी खोली जरा बरी वाटायची. आठवड्यात माझ्याशी कामाशिवाय बोलणारा तो एकटाच होता, हे सांगायला लाज कसली.

एका रविवारी तो म्हणाला, "पयल्यापासनं परत खेळतो. सुरवातीला कायतरी चुकलं आसंल माजं, म्हनून त्यो येत नसंल." त्याला आणखी वणवण कशाला करायला लावायची? म्हणालो, "मुक्काम्या, नको शोधू. तो नाहीये दुसऱ्यात. ठेवलाच नाही त्यांनी."

पलीकडे मोटारीचा आवाज येत होता.

"मला ठावं हाय रं," तो म्हणाला. "दिवाळीच्या आदीच सगळं हुडकून झालं हुतं. पन म्हाताऱ्याचं काडलं की तू लई येळ बोलायचा."

मी हसण्यावारी नेलं. त्यानंही नेलं. ऊस, पाऊस, आईचं दुखणं अशी दोन-चार वाक्यं बोलून आम्ही फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आता मीच करतो अधूनमधून. तो उचलतो, आवाजात काही राग नसतो. फक्त विचारतो, "बोल, काय काम काडलं?" मी उसाचं, पावसाचं विचारतो आणि फोन ठेवतो.