अर्जाखालची इंग्रजी म्हण

कचेरीत चार वर्षं काढली की किश्श्यांचा ढीग साचतोच. आमच्या मंगरूळपीरच्या तहसील कचेरीत तो एकट्या मुन्शीजींनी रचला! इंग्रजी अमदानी होती, मी तिथे नकलनवीस होतो. मुन्शीजी समोरच्या निंबाखाली बसून लोकांचे इंग्रजी अर्ज लिहीत आणि प्रत्येकाच्या शेवटी एक इंग्रजी म्हण ठोकत. जवळ म्हणींचं जुनं पुस्तक होतं. "ये तो अर्जाची फोडणी हाये!" असं सांगत.

*

गिऱ्हाइकाला इंग्रजी कुठलं यायला! मुन्शीजी म्हणीतलं जनावर सांगत, त्यावरून ते म्हण निवडायचं. किन्हीराजाच्या एका पाटलाने भावाविरुद्ध अर्ज केला. मुन्शीजींनी मांजरीची म्हण घातली. पाटील भडकला, "मांजर कायले? मी का लेचापेचा हावो? वाघाची घाला!"

*

धनजच्या गंगारामची म्हैस कोंडवाड्यात अडकली. "मले म्हशीचीच पाह्यजे," म्हणून तो अडून बसला. मुन्शीजींनी अख्खं पुस्तक चाळलं. कुत्री, घोडे, कोंबड्या, सगळं निघालं, म्हैस नाही! शेवटी घोड्याची घातली.

म्हैस सुटली. तेव्हापासून गंगाराम टांग्याच्या घोड्यालाही रामराम करायचा.

*

मग नवा इंग्रज साहेब आला. पहिल्याच दिवशी अर्ज वाचून त्याचं डोकं उठलं. हुकूम निघाला, म्हण असलेला अर्ज घेतला जाणार नाही!

निंबाखालची गर्दी ओसरली. "बिनाम्हणीचा अर्ज त मास्तरबी लिहून देते," म्हणत लोक शाळेकडे वळले. मुन्शीजींच्या घरी खाणारी सहा तोंडं. आम्ही रोज हसणारे, पण तेव्हा फार वाईट वाटलं.

*

शेवटी मुन्शीजींनी स्वतःचाच अर्ज लिहिला, हुकूम मागे घ्यावा म्हणून. धीर द्यायला गंगाराम धनजहून आला. अर्ज मीच साहेबापुढे ठेवला. साधं, सरळ इंग्रजी. म्हण नाही. शेवटी फक्त एक ओळ कोरी सोडलेली.

साहेब वाचत वाचत त्या ओळीपाशी थांबला. कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मग दौतीत टाक बुडवला, कोऱ्या ओळीत स्वतःच एक म्हण लिहिली आणि खाली मंजुरीची सही ठोकली!

मी कागद बाहेर आणून दिला. मुन्शीजींनी तो दोनदा वाचला. त्यांचे डोळे भरून आले.

गंगारामला राहवेना. "कोनती घातली साहेबानं?"

"कुत्ते की. बुढ्ढा कुत्ता नये खेल नहीं सीखता."

"हात्तिच्या! म्हंजे साहेबालेबी म्हशीची येत नाई!"