बोअरवरचा बल्ब

म्हसावदच्या अलीकडे आमचं वावर. घरापासून जरा लांब बोअर, आणि बोअरच्या खांबावर एक बल्ब. शेतीच्या लाईटीचा काही नेम नाही, म्हणून त्याचं बटण कधी बंद करायचं नाही. बल्ब लागला की लाईट आली, उठा, मोटर चालू करा.

वडिलांना, आबांना, काचबिंदू. कडेचं सगळं गेलेलं, समोरचं थोडं शिल्लक. अंगणातल्या खाटेवरून बल्ब बघायचा आणि मला उठवायचं, एवढंच काम त्यांच्याकडे उरलं होतं. सकाळी चहा घेताना न चुकता सांगायचे, "आज बी दिखना." बल्ब दिसला म्हणजे डोळे अजून शाबूत, असा त्यांचा हिशेब.

त्या उन्हाळ्यात मला वेड लागलं होतं अभिजित ताऱ्याजवळच्या वलय तेजोमेघाचं. मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूचं कडं ते. माझ्या लहान दुर्बिणीतून नुसता धुरकट ठिपका दिसतो. अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे शेकडो फोटो एकावर एक रचले, तर कुठे रंग येतो. चहूकडे केळी उभी, मोकळी जागा फक्त बोअरपाशी. दोन अमावास्या त्या मेल्या बल्बने मध्येच पेटून नासवल्या.

तिसऱ्या अमावास्येला मी तो काढून खिशात घातला. आबांना सांगायचं तरी कशाला, झोपू देत की. मध्यरात्री लाईट आली तशी मोटर मीच चालू केली. केवढा शहाणा मी.

पहाटे घरी आलो तर आबा खाटेवर बसलेले, तोंड बोअरकडे. पाय केळीच्या चिखलाने भरलेले. चाचपडत बांधापर्यंत जाऊन आले होते.

"पानी तं चालू शे," ते म्हणाले. "म्हणजे बल्ब लागेल व्हता. रातभर देखी ऱ्हायनू, माले दिखना नही. गयात मन्हा डोया."

आपले डोळे गेले, असंच त्यांनी धरलं होतं. खिशातला बल्ब मी त्यांच्या हातात ठेवला, सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी तो बोटांनी चाचपला आणि हसले.

"मन्हं मन राखाले काढी आना का?"

त्यांची समजूत काढायला मी तो आत्ताच काढून आणला, असं त्यांना वाटलं. आईनेही समजावलं, मी शपथ घेतली. ऐकतील तर आबा कसले.

फोटो चांगला आला. हिरवं-निळं कडं, मधोमध तो मरणारा तारा. अजून कुणाला दाखवलेला नाही.

बल्ब मी त्याच संध्याकाळी परत लावला. तोवर आबांनी आपली खाट मागच्या पडवीत नेली होती. तिथून बोअर दिसत नाही.