गॅसचे दिवस संपले, मी म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. सकाळपासून तीनदा कागद पुढे ओढला आणि तीनदा उठून ओटा पुसून आले.

मला राग आलाय. शांतपणे, समजूतदारपणे सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका.

गॅस टर्बाइनच्या कंपनीत मी सव्वीस वर्षं नोकरी करतेय. मशीनला हात लावणारी मी नव्हे. माझं काम प्लॅनिंगचं, टेबलावरचं. दरवर्षी मी एक रिपोर्ट लिहिते — पुढच्या काही वर्षांत जगात विजेची मागणी कुठे वाढेल, गॅस कुठे परवडेल, नवीन टर्बाइन कोण घेईल, कुणाची जुनी टर्बाइनं दुरुस्तीला निघतील. ऑफिसात त्याला ‘आउटलुक’ म्हणतात. केवढा रुबाबदार शब्द! जणू लिहिणारा गच्चीवर उभा राहून लांबचं बघतोय. मी पण बघत होते. मला दिसलंही होतं. तोच तर प्रश्न आहे.

पण आधी हिराजीबद्दल सांगू द्या.

विमानाचं इंजिन असतं ना, गॅस टर्बाइन साधारण तसंच, फक्त जमिनीला बोल्टनं आवळलेलं. गॅस जळतो, त्या झोतानं पात्यांची चाकं फिरतात आणि वीज तयार होते. पाती भाजून निघतात, त्यांना तडे जातात. रबाळ्याला आमच्या हॉलमध्ये ती दुरुस्त व्हायची आणि पुन्हा एकेक करून चाकावर चढवली जायची. चढवणाऱ्यांत सगळ्यांत जाणता हिराजी. उरणच्या अलीकडच्या खाडीकाठच्या गावातला आगरी माणूस. बापाची भातशेती नव्या शहरासाठी घेतली गेली आणि मुलगा कारखान्यात आला. पातं खाचेत बसलंय की नुसतं अडकलंय, हे तो बोटाच्या टोकानं सांगायचा. मागून मोजमाप घेतलं की तेच निघायचं.

मी नोकरीला लागले तेव्हा त्या हॉलमध्ये एकही बाई नव्हती. पुरुष बोलायचे बंद व्हायचे मी आत गेले की. हिराजीनं पहिल्याच आठवड्यात मला हाक मारली, “ताई, इकरं या, लांबून काय समजनार तुमाला?” आणि रोटरच्या, म्हणजे ती चाकं बसवलेल्या दांड्याच्या, शेजारी स्टूल टाकून बसवलं. मी इंजिनिअर, तो दहावी नापास. टर्बाइन मला त्यानं शिकवलं. मी आज जे काही आहे — नाही, हे वाक्य मला पुरं करायचं नाही. शोभत नाही माझ्या तोंडी.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याकडची गॅसवर चालणारी वीजकेंद्रं तेव्हा निम्मीअधिक गप्प पडली होती. गॅस मिळत नव्हता, मिळाला तर परवडत नव्हता. जो तो म्हणे, आता सूर्य आणि वारा, गॅसचा खेळ खलास. हे खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं. आखातात, पूर्वेकडच्या देशांत जुनी टर्बाइनं जोरात चालू होती, त्यांची पाती झिजत होती, आणि दुरुस्तीसाठी विचारणा करणारे मेल रोज माझ्याकडे येत होते. त्या वर्षीच्या रिपोर्टात मी नऊ पानं त्यावरच लिहिली. तीन वर्षांत आपला हॉल अपुरा पडेल, माणसं सोडू नका, उलट नवी शिकवून तयार करा — असं स्पष्ट लिहिलं.

डायरेक्टरनी मला केबिनमध्ये बोलावलं. दारसुद्धा लावलं नाही. म्हणाले, “ही नऊ पानं काढा.” हॉलची जागा विकायची ठरली होती. तिथे डेटा सेंटर होणार होतं. जागा मोकळी करायला हॉलमधल्या अडतीस माणसांनी स्वतःहून राजीनामे द्यायला हवे होते, आणि काम येणार असं कळलं तर एकही सही झाली नसती. नव्या वर्षी मी प्लॅनिंगची हेड होणार, हेही त्याच बैठकीत सांगितलं. आणि उठता उठता म्हणाले — काढायच्या माणसांची यादी फक्त हॉलपुरती आहे असं समजू नका, मॅडम.

मी घाबरले का? हो. मुलीची ॲडमिशन होती, नेरूळच्या फ्लॅटचे हप्ते होते. कुणाला नसतात? हिराजीला नव्हते? घाबरले हे खरं, पण पुढे जे केलं ते नुसत्या भीतीनं होत नाही. केबिनमधून बाहेर पडताना मला हेडच्या खुर्चीचा आनंद झाला होता. तो लपवायला मी वॉशरूममध्ये गेले होते. त्या आरशातल्या बाईच्या थोबाडीत मारायला हवी होती कुणीतरी.

नऊ पानं काढली. उरलेल्याचं मराठी करून नोटीस बोर्डावर लावलं — तेही मीच केलं.

कारकुनी पापच म्हणायचं, नाही का? वरून हुकूम, खालून सही. इथे थांबले असते तर मी स्वतःला कदाचित माफ केलं असतं.

पण रविवारी हिराजी आमच्या घरी आला. बायकोला, सुमनला, घेऊन. हातात पिशवी, पिशवीत खाडीतला जिताडा मासा, साफ करून आणलेला. हॉलमधली माणसं अडून बसली होती. कुणी म्हणे सही करू, कुणी म्हणे कोर्टात जाऊ. त्यांनी हिराजीवर सोडलं होतं, आणि हिराजीनं माझ्यावर. तो सोफ्यावर बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला,

“ताई, पेपरावर काय बी असू दे. तुमी तोंडानं सांगा. काम येनार हाय का नाय?”

बघा, किती सरळ विचारलं त्यानं. मला सुटायला जागा होती. सांगता येत नाही, असं म्हणू शकले असते. नुसती गप्प बसले असते तरी तो समजला असता, तेवढा हुशार होता. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले,

“नाही हो हिराजीभाऊ. गॅसचे दिवस संपले. सही करून मोकळे व्हा.”

सुमन रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हातानं!

हिराजीनं दुसऱ्या दिवशी पहिली सही केली. “ताई खोटं नाय बोलनार,” असं सांगून बाकीच्यांना समजावलं. त्याचा सख्खा धाकटा भाऊ कमळाकर पण त्याच हॉलमध्ये वेल्डर होता. तो तयार नव्हता, त्याला हिराजीनं शपथ घालून सही करायला लावली. पंधरा दिवसांत अडतीसच्या अडतीस राजीनामे. हॉल पाडला.

पुढच्याच वर्षी कामं आली. मी लिहिलं होतं तशी, तिथूनच. कंपनीनं तळोज्याला एक शेड भाड्यानं घेतली, ठेकेदार नेमला, बाहेरून माणसं आणली. गावात बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? हिराजीनं मालकाकडून वेगळं काहीतरी घेतलं आणि सगळ्यांना विकलं, असं ठरलं. त्यानं काहीच घेतलं नव्हतं. तो उरणच्या एका कंटेनर यार्डात गेटवर उभा राहून सील तपासायला लागला. कमळाकरनं दोन घरांमधल्या अंगणात विटांची भिंत घातली. हिराजीच्या पोरीचं लग्न झालं, तेव्हा मी हळदीला गेले होते. आगऱ्यांची हळद — अख्खा गाव नाचतो. मांडवात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. सख्ख्या काकाच्या घरातून एक माणूस आलं नाही. बँजोवाले वाजवत होते आणि हिराजी एकटाच हात वर करून नाचत होता. मी आहेर दिला, फोटो काढला, घरी आले.

मी तेव्हाही सांगितलं नाही. भिंतीपलीकडे जाऊन पाच मिनिटं बोलायचं होतं फक्त. आठ वर्षांत मला ती पाच मिनिटं मिळाली नाहीत, म्हणे!

आणि आता? आता जगाला टर्बाइन पुरत नाहीत. ऑर्डर दिली की वर्षानुवर्षं थांबायचं. मागणी कशामुळे वाढली? डेटा सेंटरमुळे. त्यांना दिवसरात्र वीज लागते आणि ती फक्त ऊन-वाऱ्यावर भागत नाही. ज्याच्यासाठी आमचा हॉल पाडला, त्याच्याचसाठी आता हॉल पाहिजे. तेच डायरेक्टर हॉटेलातल्या सेमिनारमध्ये सांगतात की ‘कुशल हातांची तीव्र टंचाई’ आहे. टंचाई! मी पहिल्या रांगेत बसून ते ऐकलं. माझा संताप झाला — आणि मी टाळ्या वाजवल्या.

तळोज्यात नवा हॉल उभा राहतोय. नवी पोरं पदवीधर आहेत, पण पातं बसवताना चुकतात. गेल्या दिवाळीनंतर डायरेक्टर म्हणाले, तो जुना फिटर, तुमचा ओळखीचा, त्याला शिकवायला आणा.

मी गेले. हिराजी ओटीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. केस पांढरे झालेत, बोटं तशीच. येतो म्हणाला, लगेच. ना भाव केला, ना टोमणा मारला. मला वाटलं, आता तरी. मी सुरुवातही केली — “हिराजीभाऊ, त्या वेळी मी...”

त्यानं हात वर केला. “जाऊ द्या ना, ताई. तवा तुमाला तरी कुटं म्हायती होतं?”

दार उघडं होतं. तो माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, “नाही ना.”

दोन शब्द. पहिल्या खोट्याच्या वेळी माझ्या मानेवर सुरी होती असं तुम्ही म्हणाल. या वेळी काय होतं? माझी रिटायरमेंट दोन वर्षांवर आहे. मला कुणी काढणार नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. मला फक्त त्याच्या नजरेत ‘ताई’ राहायचं होतं.

मग हिराजीनं माझ्याकडे काहीतरी मागितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, “येक काम कराल? कमळाकरला येवढं सांगा. माजा तो आयकनार नाय. तुमचा आयकल.”

आम्ही भिंतीला वळसा घालून पलीकडे गेलो. मी पुढे, हिराजी चार पावलं मागे. कमळाकर दारात आला, त्याची बायको मागे, शेजारपाजारचे हॉलमधले जुने तीन-चार जण जमले. मी उभी राहिले आणि बोलले. स्वच्छ, खणखणीत, सेमिनारमध्ये बोलते तसं. की तेव्हा मार्केट पडलेलं होतं. की पुढचं कुणालाच दिसत नव्हतं, मोठमोठ्या तज्ज्ञांनाही नाही. की हिराजीभाऊंनी एक पै घेतली नाही, त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. शेवटचं तेवढं खरं होतं.

कमळाकरनं माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

“दादा,” तो म्हणाला, “भायेर का हुबा? आत ये.”

हिराजीचा चेहरा मी बघू शकले नाही. तो माझ्या बाजूनं पुढे गेला आणि उंबरठ्याशी चपला काढल्या. सुमनला हाका गेल्या. कमळाकरच्या बायकोनं चूल पेटवली. इतक्या वर्षांनी दोन भाऊ एका पंक्तीला बसले, आणि ते माझ्यामुळे, असं सगळे म्हणत होते. कमळाकरची सून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

खरं सांगितलं असतं तर? तर हिराजी तेव्हाही निर्दोष सुटला असता. तितकाच. फक्त त्या अंगणात मी उभी राहू शकले नसते. माझ्या खोट्यानं त्याचं भलं झालं असं मी स्वतःला समजावून बघितलं आहे. त्याचं भलं दोन्हीकडून होत होतं. मी वाचेन असा रस्ता मी निवडला.

कमळाकरनं मला पाट दिला, दोघा भावांच्या मधोमध. तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण, तळलेली मांदेली. हिराजी सारखा माझ्या ताटाकडे बघत होता, काही कमी पडतंय का म्हणून. मला वाटलं होतं घास गिळवणार नाही.

मी पोटभर जेवले. कालवण दोनदा मागून घेतलं.