आईचं हळदीकुंकू

चिक्कडपल्लीतल्या आमच्या महिला मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवावं, म्हणून आई वर्षानुवर्षं भांडली. तेव्हा बाबा होते. पोळ्या लाटतानासुद्धा तिचा फोनवर वाद चालायचा. बायका म्हणायच्या, तुझं कपाळ शाबूत आहे, तुला बोलायला काय जातंय. काहींनी तर बोलणंच टाकलं. आई मात्र बेगम बाजारातून वाणाच्या वाट्या आणताना विधवांसाठीही घेऊन यायची आणि वरून मलाच दटावायची, ओझं काय एकटी उचलू?

आधी मंडळाने त्यांना नुसतं बसू दिलं. तिळगूळ दिला, कुंकू नाही. आई पुन्हा भांडली. शेवटी एका वर्षी तिने शेजारच्या मावशींना हाताला धरून नेलं आणि सगळ्यांदेखत कुंकू लावलं. मावशी नांदेडकडच्या, ऐन तिशीत नवरा गेलेला. त्या दिवशी घरी येईपर्यंत त्या रडत होत्या. मग हळूहळू इतर जणीही यायला लागल्या.

पुढे बाबा गेले. त्यानंतरच्या संक्रांतीला मंडळाच्या बायका आईला न्यायला घरी आल्या. सगळ्यांत जास्त कडाडून विरोध केलेल्या, त्याच. मला फार बरं वाटलं.

हॉलमध्ये एक तरुण सून करंडा घेऊन आईपुढे वाकली आणि आईने तळहाताने कपाळ झाकलं.

"मला नको गं," ती म्हणाली. "हे नाहीत आता."

मी समजावलं, बायकांनी समजावलं. तिने हात काढला नाही. मागून कुणीतरी पुटपुटलंच, लोका सांगे ब्रह्मज्ञान. माझं डोकं फिरलं. ढोंग माझ्या आईला जन्मात जमलं नाही. तिला बाबा हवे होते, एवढंच. पण ते त्या हॉलमध्ये कुणाला सांगायचं?

मावशी शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्या कपाळावर नुकतंच लावलेलं कुंकू होतं. त्या आईकडे वळल्या.

"मग मला कामून लावलंस, बाई?" त्यांनी हळूच विचारलं.

आईचा हात कपाळावरच होता. मावशी उठून नळाशी गेल्या आणि त्यांनी कपाळ चोळून चोळून धुतलं. त्या बाजूला होईपर्यंत आणखी दोघी त्यांच्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.